कागदावरचा लांडगा

लिलावघराच्या तळघरात जुन्या युरोपी तलवारींचं खातं होतं आणि त्या खात्यात माणूस म्हणाल तर एकच. त्यांना सगळे भिंगबाई म्हणत. गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेलं भिंग कायम असायचं. जेवताना ते डब्यात बुडू नये म्हणून त्या ते पाठीवर टाकायच्या, तेवढीच काय ती त्याला रजा. वरच्या मजल्यावर चित्रं, घड्याळं, झुंबरं होती, पायाखाली गालिचा होता, आणि चहा कपबशीतून यायचा. तळघरात ट्यूबलाइट, तेलाचा वास आणि ओल लागू नये म्हणून भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलेली लोखंडी कपाटं. वरची माणसं खाली यायची वेळ आली की जिन्यातच नाक मुरडायची. बाईंना त्याचं काही वाटत नसे. नाक मुरडायलासुद्धा अंगात जोर लागतो, आणि हल्ली तो त्यांच्यात उरला नव्हता.

काम एका वाक्यात सांगता येईल असं होतं. तलवार आली की ती कुणी केली, कुठे केली आणि कधी केली, हे सांगायचं. पात्यावर, मुठीच्या जरा पुढे, करणाऱ्याने आपला शिक्का ठोकलेला असतो. कुणाचा मुकुट घातलेला राजाचा चेहरा, कुणाचा नुसता क्रॉस, कुणाची दोन अक्षरं. फ्रान्सच्या सरकारी कारखान्यातल्या तलवारींच्या पाठीवर तर महिना आणि साल दोन्ही कोरलेलं सापडतं. अशी एखादी आली की बाईंना अर्धा दिवस सुट्टी मिळाल्यासारखं वाटायचं. बाकीच्या इतक्या सरळ नसत. जर्मनीतल्या पासाउ गावचे लोहार पात्यावर पितळेचा पळता लांडगा जडवायचे, त्याचं नाव झालं, आणि मग तिकडच्याच झोलिंगन गावच्या लोहारांनी तो सरळ उचलला, कारण लांडगा दिसला की गिऱ्हाईक डोळे मिटून पैसे मोजायचं. शिक्का बापाकडून मुलाकडे जायचा, मुलगा नसला तर जावयाकडे, जावई नालायक निघाला तर शेजाऱ्याकडे. आणि मग दोन-अडीचशे वर्षांनी भिंतीवर टांगायच्या शोभेच्या तलवारी करणारा कुणी तोच लांडगा ठोकून मोकळा. म्हणजे शिक्का असतो, पण तो खरं बोलेलच याची हमी नाही.

हे बाईंना ज्यांनी शिकवलं त्यांना सगळी दुनिया मास्तर म्हणायची. ते बाईंचे नवरे होते, पण ते मागाहून. आधी मास्तर. बाई तरुणपणी त्या लिलावघरात शिक्क्यांची चित्रं काढायला लागल्या होत्या, कारण तेव्हाच्या फोटोत शिक्के नीट उठत नसत. पहिल्याच दिवशी त्या पेन्सिल घेऊन पात्यावर वाकल्या आणि मास्तरांनी शिक्क्यावर आपला अंगठा ठेवला.

"शिक्का शेवटी," ते म्हणाले. "आधी हातात घ्या."

हाच त्यांचा वेद. आधी वजन घ्यायचं. मग मूठ बघायची, मग पात्याची जाडी मुठीपासून शेंड्यापर्यंत कशी उतरते ते बोटांनी ऐकायचं, मग गंज. एवढ्या सगळ्या साक्षी झाल्या की मग अंगठा उचलायचा. लोक लांबून फोटो पाठवायचे, शिक्क्यांचे ठसे पाठवायचे, वर "कृपया काळ सांगावा" असं लिहायचे. मास्तर ते सगळं आल्या पावली परत पाठवत. फोटोला वजन नसतं, एवढंच त्यांचं उत्तर. माणूस भला होता, पण या बाबतीत देवाचंही ऐकलं नसतं.

मग मास्तरांना झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धंमुर्धं राहिलं. शब्द एकेक करून येत, जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखे, मध्येच थांबून दम खात. लिलावघराचे धाकटे मालक हॉस्पिटलात भेटायला आले तेव्हा म्हणाले, "बाई, मास्तरांचं नाव आपल्या लिलावाच्या यादीतून जाणार नाही. ते घरून मत देतील." धाकटे मालक म्हणजे आता पन्नाशीचे गृहस्थ, पण बाईंनी त्यांना अर्ध्या चड्डीत तळघरात लपाछपी खेळताना पाहिलेलं, त्यामुळे ते धाकटेच. बोलायचं म्हणून बोलले नव्हते ते. पुढच्या प्रत्येक यादीत "मास्तरांच्या मते" हे शब्द छापून येत राहिले.

तेव्हापासून बाई संध्याकाळी ठसे घरी नेऊ लागल्या. शिक्क्यावर पातळ कागद धरायचा, वरून मऊ पेन्सिल आडवी घासायची, की लांडगा म्हणा, राजा म्हणा, कागदावर उठतो. तलवारी घरी न्यायची लिलावघराची परवानगी नव्हती, आणि असती तरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या हातात पातं कसं द्यायचं? कागद तर कागद. मास्तरांनी जन्मभर कागदाला नाही म्हटलं होतं, पण आता त्यांनी पहिला ठसा डाव्या हातात धरला, थोडा वेळ पाहिला आणि मत दिलं. बाईंना वाटलं, परिस्थितीपुढे मोठमोठे वाकतात.

संध्याकाळ अशी जायची. दिवसाची नर्स दारातच चप्पल घालून उभी असायची, बाई आत शिरल्या की ती बाहेर. हातातला पाव टेबलावर, मग मास्तरांची कूस बदलणं, चादर, भांडं, औषधाची गोळी, मग खाटेशेजारच्या स्टुलावर टेकून कागद दाखवणं. मत मिळालं की स्वयंपाकघर, तिथून धुणं, तिथून परत मास्तर. मास्तरांना उचलून उचलून बाईंचा उजवा खांदा धरला होता. तो दुखायचा असं म्हणणं बरोबर नाही. तो कधी दुखायचा थांबला तर बाईंना चुकल्यासारखं व्हायचं.

सुरुवातीला मास्तरांचं मत झटकन यायचं. "झोलिंगन." मग दम खाऊन, "सोळाशे चाळीस." बाई "बरं" म्हणायच्या आणि उठायच्या. मनातून खूष व्हायच्या. माणूस अर्धा गेला असेल, पण हा अर्धा शाबूत आहे, म्हणायच्या.

नंतर कधीतरी गाडी घसरली. मास्तर राजाच्या चेहऱ्याला बिशप म्हणाले. बाईंना वाटलं, कागद नीट उठला नसेल. मग एकदा इंग्रजी पात्याला स्पॅनिश म्हणाले. मग उलटाच कागद धरून बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. बाई पेन्सिलीने दाखवायच्या, "अहो, हा मुकुट बघा, ही बिशपची टोपी नाही. टोपीला असे दात असतात का?" लहान मुलाला मुळाक्षरं शिकवावीत तसं. मास्तर डोळे बारीक करून बघायचे, मान हलवायचे, "परत दाखव" म्हणायचे. एका शिक्क्याला अर्धी संध्याकाळ जाऊ लागली. दुसऱ्या दिवशी बाई स्वतःच मत ठरवायच्या आणि मास्तरांचं म्हणून देऊन टाकायच्या. चूक होती की बरोबर, याचा विचार करायला त्यांना फुरसत नव्हती.

डॉक्टरांनी मास्तरांना वार विचारला, घड्याळ काढायला सांगितलं. डाव्या हाताने काढलेलं घड्याळ बटाट्यासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, "अशा झटक्यांनंतर हळूहळू असं होऊ शकतं. बघू." डॉक्टरांचं "बघू" म्हणजे काय, हे ज्याच्या घरी आजारपण आहे त्याला सांगावं लागत नाही.

मास्तरांची धाकटी बहीण दर रविवारी फोन करायची. ती रोखठोक होती, पण वाईट नव्हती.

"वहिनी, मी काय दादाची वैरीण आहे का? पण तू कधी आरशात बघतेस? मी शुश्रूषागृहात चौकशी केलीय. जागा आहे. खिडकीजवळची. तुझ्या 'हो'साठी त्यांनी धरून ठेवलीय."

"वन्सं, ते अजून माणसं ओळखतात."

"माणसं ओळखतो गं. पण ज्याच्यावर जन्म काढला तेच त्याला ओळखू येत नाही, असं तूच म्हणालीस ना? मग राहिलं काय? त्याला तिथे काय आणि घरी काय, कळणार आहे का?"

बाई या वाक्यापाशी अडकल्या. वन्संचं बोलणं टोचलं म्हणून नव्हे. तेच वाक्य त्यांच्या स्वतःच्या मनात कितीदा येऊन गेलं होतं म्हणून.

अशात ती तलवार आली. दातांच्या एका निवृत्त डॉक्टरांनी आणली होती, सासऱ्यांची म्हणून. लांब, सरळ, दुधारी पातं, मूठ केव्हातरी बदललेली, पात्यावर पितळेचा लांडगा आणि त्याच्यापुढे पितळेचेच आकडे: १४१४.

"चौदाशे चौदा," डॉक्टर म्हणाले. "मी काही बोलायलाच नको. साल तिथेच लिहिलंय."

"ते साल नाहीये, डॉक्टर."

"मग काय आहे?"

"ते नक्की कुणालाच माहीत नाही. लांडग्याशेजारी हे असले ठरावीक आकडे पुष्कळ पात्यांवर सापडतात. पाती त्या सालानंतर दोनदोनशे वर्षांनी केलेली असतात. शुभ आकडा म्हणून घालत असतील, असं म्हणतात."

"म्हणजे हे काय नाही ते तुम्हाला माहीत आहे. काय आहे ते माहीत नाही."

"हो," बाई म्हणाल्या. "या धंद्यात बहुतेक असंच असतं."

रोज दोनदा दात घासतो म्हणणाऱ्या पेशंटकडे बघावं तसं डॉक्टरांनी त्यांच्याकडे बघितलं, पण तलवार ठेवून गेले.

बाईंनी रीतसर शिक्क्यावर अंगठा ठेवला आणि तलवार उचलली. हाताला काहीच कळेना. खांदा असा धरलेला की हल्ली प्रत्येक तलवार त्यांना जडच लागायची, प्रत्येक पातं शेंड्याकडे ओढल्यासारखं वाटायचं. जुन्या चांगल्या पात्याची जाडी शेंड्याकडे उतरत जाते आणि ते हातात हलकं उभं राहतं. शोभेचं पातं फळीसारखं एकसारखं असतं आणि हाताला लोंबतं. हे वाक्य बाई झोपेत म्हणू शकल्या असत्या. पण हात सांगेल तेव्हा ना. त्यांनी कॅलिपर लावून मोजलं. जाडी उतरत होती खरी, पण मुळातली उतरलेली की पुढे कुणी घासून उतरवलेली, ते आकडा सांगत नव्हता. लांडगा त्यांना जरा जास्तच नीटस वाटला. खरा जुना लांडगा लांडग्यासारखा दिसतच नाही. चार-सहा ठोक्यांत उरकलेला, कुत्रा म्हणा, डुक्कर म्हणा. हा चांगला लांडगा होता. म्हणून वाईट वाटत होता. पण नीटसपणा हा काही पुरावा नव्हे. बाईंनी कागद काढला आणि ठसा घेतला.

त्या संध्याकाळी मास्तरांनी कागद डाव्या हातात धरला. लांडग्याकडे बघितलं, आकड्यांकडे बघितलं.

"साल," ते म्हणाले. "चौदाशे चौदा."

हीच चूक. तळघरात जो कुणी नवशिका येई तो पहिल्या आठवड्यात हीच चूक करायचा, आणि मास्तर त्याची अशी काही फिरकी घ्यायचे की तो जन्मात आकड्याला साल म्हणायचा नाही. बाईंनी कागद परत पुढे धरला. "अहो, नीट बघा. हे साल असतं का? तुम्हीच सांगायचात ना सगळ्यांना?" मास्तर म्हणाले, "परत दाखव." बाईंनी परत दाखवलं. झोलिंगन सांगितलं, पासाउ सांगितलं, मास्तरांचेच जुने विनोद मास्तरांना सांगितले. सांगता सांगता त्या मास्तरांचा हात धरून तिथेच रडत बसल्या आणि मास्तर त्यांच्याकडे बघत राहिले. सूप उतू गेलं तेव्हा कुठे बाई उठल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटे मालक स्वतः तळघरात आले. त्यांनी नाक मुरडलं नाही.

"बाई, या लांडग्याचं काय करायचं? चार गिऱ्हाइकं आत्तापासून विचारतायत. मास्तर काय म्हणाले?"

बाई खोटं बोलू शकल्या असत्या. सरावाच्या होत्या. पण या वेळी खोटं बोलायला हाताशी खरं मतच नव्हतं.

"मला ठरवता येत नाहीये," त्या म्हणाल्या. "आणि मास्तर कागदावरून काहीतरीच म्हणाले."

मालक म्हणाले, "मास्तर कागदावरून मत देतात हेच मला कधी पटलं नव्हतं. मला तर त्यांनी लहानपणी कागदावरून ओरडलेलं आठवतंय. तलवारच घेऊन जा ना घरी. जबाबदारी माझी. उद्या परत आणा. आणि त्यांना नाहीच जमलं, तर बाहेरून कुणाला तरी बोलावू. मास्तरांचं नाव मग मानाने थांबवू. कधीतरी थांबवायचंच आहे, बाई."

मालकांना काय, एक ओळ छापायची की नाही एवढाच प्रश्न होता. पण बाईंनी तिथल्या तिथे मनाशी ठरवून टाकलं. हातात प्रत्यक्ष तलवार दिल्यावरही मास्तरांना कळलं नाही, तर वन्संना 'हो' म्हणायचं. आजवर कागदाचा आडोसा होता. ठसा पुसट असेल, उजेड कमी असेल, चष्मा धुवायला हवा असेल. तलवारीला आडोसा नाही. परवानगी नाही, परवानगी नाही म्हणत बाईंनी ती इतके दिवस घरी नेली नव्हती, त्यात परवानगीचा भाग थोडा होता आणि भीतीचा फार.

आणि आता लिहायला जड जातं, पण जे आहे ते आहे. टॅक्सीत बसल्यावर बाईंच्या लक्षात आलं की आपल्याला अर्धवट असं वाटतंय, मास्तरांना तलवार कळू नये. एकदा तरी सलग आठ तास झोपता येईल. खांद्यावर कुणी भार टाकणार नाही. खिडकीजवळची खाट, स्वच्छ चादर, रविवारी भेटायला जायचं, फळं न्यायची. वाईट बाई नव्हत्या त्या. दमलेल्या होत्या. दमलेल्या माणसाच्या मनात काय काय येतं ते बाहेर दिसलं असतं, तर कुणी कुणाला दारात उभं केलं नसतं.

टॅक्सीवाल्याने मागच्या सीटवर आडव्या ठेवलेल्या लांब गुंडाळीकडे आरशातून बघितलं. "पडद्याची दांडी का?"

"हो," बाई म्हणाल्या.

"नीट मोजून घेतलीत ना? आमच्याकडे चार बोटं कमी पडली. बायको अजून बोलते."

घरी नर्स चपला घालून उभी होती. बाईंनी गुंडाळी सोडली तशी ती भिंतीला चिकटली. "बाई, हे काय आणलंत?" "ऑफिसचं काम," बाई म्हणाल्या. नर्स एरवी जिना सावकाश उतरायची, आज तिचा पायरव दोन मिनिटांत रस्त्यावर पोचला.

मास्तर उशांना टेकून बसलेले होते. खिडकीतून संध्याकाळचा उजेड अजून येत होता. बाईंनी तलवार त्यांच्या मांडीवर आडवी ठेवली आणि मूठ त्यांच्या डाव्या हातात दिली. कोपराखाली आपला हात धरला. मास्तरांची बोटं मुठीभोवती वळली.

त्यांनी लांडग्याकडे बघितलंच नाही. तलवार थोडी उचलली, शेंडा रजईला टेकू दिला, परत उचलली. डोळे मिटले. कोपराखालच्या बाईंच्या तळव्यावर भार येत होता, जात होता. मग त्यांनी मूठ सोडून पात्यावरून नख फिरवलं, मुठीपासून पार जिथवर हात पोचला तिथवर. परत येताना अंगठा शिक्क्यावर आला आणि तिथेच थांबला. झाकून. आपल्याला काय हवंय, हे बाईंचं बाईंनाच आता सांगता येत नव्हतं.

"जुनी," मास्तर म्हणाले.

"किती जुनी?"

"सोळाशे." दम. "तीसच्या पुढे. पन्नासच्या आत." परत दम. "छान आहे."

मग त्यांनी अंगठा उचलला, पातं खिडकीकडे कलतं केलं आणि लांडग्यावरून नख एकदा नेलं, एकदा आणलं.

"हा नवा."

"लांडगा नवा? कशावरून?"

"आधी गंज," मास्तर म्हणाले. "मग लांडगा."

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं. गंजाने खाल्लेल्या बारीक खड्ड्यांत पितळ उतरून बसलं होतं. गंज पात्याला शेदोनशे वर्षांनी चढला असणार, आणि लांडगा त्यावर मागाहून कुणीतरी किंमत वाढवायला बसवलेला. साधं, चांगलं, निनावी पातं, आणि त्याला कुणीतरी मोठं नाव चिकटवलं होतं. कागदावर हे दिसणं शक्यच नव्हतं. तळघरात भिंगाखाली दिसलं असतं, पण तिथे बाई बघत होत्या लांडग्याच्या नीटसपणाकडे.

बाईंनी भिंग खाली सोडलं. सगळं शाबूत होतं. त्यांना हसू आलं, रडू आलं, आणि त्याच्या मागोमाग दुसरंच काहीतरी वर आलं.

"अहो, मग काल? काल चौदाशे चौदा साल म्हणालात ते?"

मास्तरांच्या तोंडाची चांगली बाजू जरा वर गेली. "थापा."

"आणि बिशप? आणि ते स्पॅनिश?"

"तेही." दम. "कागदावरून मत नसतं."

बाईंना आधी राग आला, आणि तो चांगला मोठा आला. त्यांनी तलवार उचलून खुर्चीवर ठेवली, कारण अशा वेळी घरात तलवार हाताशी असू नये. "तुम्हाला काही अक्कल आहे का हो? मी तुम्हाला डॉक्टरांकडे नेलं. घड्याळ काढायला लावलं. तुमच्या बहिणीने तिकडे जागा धरून ठेवलीय, ठाऊक आहे का? मी रोज रात्री उशीत तोंड खुपसून रडतेय की हा माणूस चालला म्हणून, आणि तुम्ही थापा मारताय? का? मजा वाटत होती?"

मास्तरांनी मान हलवली. डावा हात रजईवरून सरकत सरकत स्टुलापर्यंत आला आणि त्यांनी स्टूल दोन बोटांनी ठोकलं.

"बरोबर सांगितलं," ते म्हणाले, "की तू उठायचीस."

बाई उभ्याच राहिल्या.

"चुकलो की," मास्तर म्हणाले, "बसायचीस."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. स्वयंपाकघरात नळ गळत होता, तो बंद करायला हवा होता. बाईंनी सवयीने तिकडे मान वळवली, आणि मग आपण काय करतोय ते त्यांच्या लक्षात आलं. त्या स्टुलावर बसल्या.

"मग सांगायचं ना," त्या म्हणाल्या. "बस म्हणून सांगायचं ना मला. एवढं तरी बोलता येत होतं तुम्हाला."

"सांगितलं असतं तर," मास्तर सावकाश म्हणाले, "बसली असतीस?"

बाई काय म्हणाल्या असत्या ते त्यांना अक्षरन् अक्षर माहीत होतं. "आले हं, एवढं करून." लग्न झाल्यापासून त्या तेच म्हणत आल्या होत्या, आधी हौसेने, मग घाईने, मग दमून, आणि एवढं करून कधी झालंच नव्हतं. मास्तर धडधाकट होते तेव्हा ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे. आता दारापर्यंत येता येत नव्हतं, म्हणून स्वतःच्या डोक्याची शोभा करून घेत होते.

"नसते बसले," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी मान डोलावली. त्यात तक्रार नव्हती, नुसतं पडताळून बघणं होतं. मग त्यांनी डोळे मिटले, त्यांनाही एवढं बोलणं झेपलं नव्हतं. बाईंनी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. खांदा ठणकत होता, चूल पेटलेली नव्हती, वन्संना फोन करायचा होता, आणि स्टूल इतकं अडचणीचं आहे हे त्यांना आजवर कळलंच नव्हतं, कारण त्या त्यावर पाठ टेकून निवांत कधी बसल्याच नव्हत्या. त्यांनी पाठ मागच्या भिंतीला लावली, मास्तरांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि अंधार पडेपर्यंत काही केलं नाही.